नळवाहिनीची नदीपार परवानगी (सातारा–सांगली)

खनिज तेल वा नैसर्गिक वायूची वाहिनी नदी, कालवा किंवा पाणथळीतून नेण्यासाठी लागणाऱ्या शासकीय संमती. यासाठी एकच असा परवाना नाही. शेतजमिनीतील वापरहक्क १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज नळवाहिनी अधिनियमाने मिळतो. कलम ३ च्या अधिसूचनेनंतर हरकतींना २१ दिवस असतात. नदीपात्र मात्र जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम २० नुसार राज्याचे. तेथे जलसंपदा विभागाची संमती निराळी घ्यावी लागते.

पाणथळ कशाला म्हणावे, याविषयी मतभेद आहेत. २०१७ च्या पाणथळ नियमांनी नदीपात्र, भातखाचरे आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली कामे व्याख्येतून वगळली. हा अर्थ घेतल्यास खटाव तालुक्यातील मायणीचा तलाव पाणथळ ठरत नाही, कारण तो ब्रिटिश अमदानीत सिंचनासाठीच बांधला गेला. उलट, सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१७ च्या आदेशाने राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहातील २.२५ हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळींना २०१० च्या नियमांचे संरक्षण दिले. त्या संग्रहात मानवनिर्मित जलाशयही आहेत. दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. वाहिनीची आखणी तलावाबाहेरून वळवली, की प्रश्न उरत नाही.

अर्जासोबत पात्राचे आडवे छेद, निळी व लाल पूररेषा (अनुक्रमे २५ व १०० वर्षांतून एकदा संभवणारा पूर), विंधनछिद्रांच्या नोंदी आणि तळझिजेचे गणित जोडतात. गणित बहुधा लेसीच्या सूत्राने होते. त्यातील गाळगुणांक गाळाच्या तळासाठी आहे. पात्रात काळा पाषाण उघडा असेल तेथे येणारा आकडा फसवा असतो. सांगली–हरिपूरकडे धोका तळापेक्षा काठाला जास्त. मळीच्या (नदीकाठच्या गाळाच्या जमिनीच्या) उंच दरडी पुरात भिजतात आणि पाणी झपाट्याने ओसरले की समोरच्या पाण्याचा आधार सुटून ढासळतात. पात्राखाली पुरेशी खोल असलेली वाहिनी अशा वेळी काठात उघडी पडते. म्हणून पूर्ण खोली दोन्ही काठांच्या बरीच मागेपर्यंत कायम ठेवावी आणि वेधनाची (चर न खणता पात्राखालून छिद्र पाडून नळ नेण्याची) प्रवेश-निर्गम ठिकाणे शक्यतो पूररेषेबाहेर घ्यावीत.

दिशादर्शी वेधनात (एचडीडी) माती, मुरूम व पाषाण यांच्या सांध्यावर छिन्नी मार्ग सोडते. पाषाणाच्या भेगांतून बेंटोनाइटचा (वेधनात वापरायच्या चिकणमातीचा) राडा नदीत फुटतो. परत येणारा राडा अचानक घटला, की पंप ताबडतोब थांबवतात. उघड्या चरातील नळ पाण्यात उचलला जाऊ नये म्हणून त्यावर काँक्रीटचे वजन चढवतात. अशा चराचे काम पावसाळ्यानंतरचे. तरीही कोयनेतून सिंचनासाठी सुटणारे पाणी उन्हाळ्यातही तात्पुरता मातीबांध वाहून नेऊ शकते. विसर्गाचे वेळापत्रक पाटबंधारे कार्यालयाकडून आधी लेखी मिळवतात. कालव्यांवर दोन आवर्तनांमधला खंडच कामाला मिळतो.