कतारचा विश्वचषक: मतदानापासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत

2022 च्या फुटबॉल विश्वचषकावरून कतारभोवती उठलेल्या वादाची सुरुवात 2 डिसेंबर 2010 ला झुरिकमध्ये झाली. फिफाच्या कार्यकारी समितीने त्या दिवशी 2018 आणि 2022 या दोन्ही स्पर्धांचे यजमान एकाच बैठकीत ठरवले. एकाच वेळी दोन स्पर्धा वाटायला घेतल्या की ‘तुम्ही आम्हाला, आम्ही तुम्हाला’ अशा सौद्याला वाट मिळते, ही पहिली चूक. समितीत 24 सदस्य होते. एका ब्रिटिश वृत्तपत्राच्या छुप्या चित्रीकरणानंतर दोघे निलंबित झाले आणि मतदार उरले 22. मतदान गुप्त होते. कतारला पहिल्याच फेरीत 11 मते पडली आणि चौथ्या फेरीत त्याने अमेरिकेला 14 विरुद्ध 8 मतांनी हरवले. जून-जुलैतल्या उन्हाचा धोका फिफाच्या पाहणी पथकाने आधीच लेखी कळवला होता. तरीही तारखा नोव्हेंबर-डिसेंबरवर नेल्या गेल्या त्या 2015 मध्ये, म्हणजे यजमानपद देऊन चार वर्षे उलटल्यावर.

या मतदानाची चौकशी फिफाच्याच नीतिसमितीचे तपासप्रमुख, अमेरिकी वकील मायकेल गार्सिया यांनी केली. नोव्हेंबर 2014 मध्ये फिफाने त्यांच्या अहवालाचा फक्त 42 पानी सारांश जाहीर केला. तो अपुरा आणि चुकीचा असल्याचे सांगत गार्सिया पुढच्याच महिन्यात पायउतार झाले. मूळ अहवाल 2017 मध्ये फुटल्यावर फिफाला तो प्रसिद्ध करावा लागला, पण कतारने यजमानपद विकत घेतल्याचा थेट पुरावा त्यातही नव्हता. कार्यकारी समितीच्या काही सदस्यांनी कतारसाठी लाच घेतल्याचा आरोप अमेरिकी सरकारी वकिलांनी 2020 च्या आरोपपत्रात केला. कतारने तो फेटाळला.

त्याहून गंभीर मुद्दा मजुरांचा. आठ स्टेडियमपैकी सात नव्याने उभी राहिली. शिवाय मेट्रो, रस्ते, हॉटेलं होतीच. हे काम प्रामुख्याने भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या मजुरांनी केले, आणि तेही ‘कफाला’ पद्धतीखाली. यात मजुराचा व्हिसा एका मालकाशी बांधलेला असतो. नोकरी बदलायची तर त्याचे ना-हरकत पत्र लागे, देश सोडायचा तर त्याची परवानगी लागे. राहण्याच्या परवान्याचे नूतनीकरण मालकाच्या हाती, त्याने ते टाळले की मजूर बेकायदा ठरतो. पासपोर्ट काढून घेणे कायद्याने मना होते, तरी सर्रास चाले. त्यात बहुतेक जण गावाकडे कर्ज काढून, एजंटचे पैसे भरून आलेले. पोटठेकेदाराने चार महिने पगार थकवला तरी काम सोडून जायची सोय नव्हती.

2014 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे तक्रार गेली. 2017 अखेर कतारने तिच्याशी सहकार्याचा करार केला आणि नियम बदलू लागले. बहुतेक मजुरांसाठी देश सोडण्याच्या परवानगीची अट 2018 मध्ये गेली, ना-हरकत पत्राची 2020 मध्ये. मार्च 2021 पासून किमान वेतन महिना 1000 रियाल झाले. मालक जेवण आणि निवास देत नसेल तर आणखी 300 आणि 500 रियाल. पण बांधकामाचा मोठा भाग तोवर उरकला होता.

उन्हाचा नियमही असाच उशिरा सुधारला. आधी 15 जून ते 31 ऑगस्ट या काळात दुपारी साडेअकरा ते तीन एवढीच कामबंदी असे. पण दमट हवेत सकाळी नऊलाही घाम सुकत नाही आणि शरीर तापतच जाते. 2021 मध्ये ही बंदी 1 जून ते 15 सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन अशी वाढली. शिवाय तापमान, आर्द्रता, ऊन आणि वारा मिळून काढला जाणारा उष्णता निर्देशांक 32.1 अंशांवर गेला की घड्याळात काहीही वाजलेले असो, काम थांबवायचे, असे ठरले.

मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही. ‘गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राने फेब्रुवारी 2021 मध्ये 6500 हा आकडा दिला. तो पाच दक्षिण आशियाई देशांच्या नागरिकांच्या दहा वर्षांतल्या सर्व मृत्यूंचा आहे, फक्त स्टेडियमवरच्या मजुरांचा नाही. हा फरक अनेकदा गाळला जातो. आयोजकांच्या नोंदीत स्टेडियमच्या कामावर असलेल्यांचे 40 मृत्यू आहेत आणि त्यांतले फक्त तीन कामामुळे झालेले. गोची इथेच आहे. तिशीतला धडधाकट माणूस रात्री झोपेत गेला की दाखल्यावर ‘नैसर्गिक कारण’ किंवा ‘हृदयक्रिया बंद’ असे लिहिले जाई. हृदय तर प्रत्येक मृत्यूत बंद पडते. ते का पडले, हे शवविच्छेदनाशिवाय कळत नाही आणि ते क्वचितच होई. मृत्यू कामाशी जोडला गेला नाही की घरच्यांचा भरपाईवरचा हक्कही बुडाला.

स्पर्धेच्या बक्षिसांइतकी, म्हणजे किमान 44 कोटी डॉलर रक्कम मजुरांच्या भरपाईसाठी ठेवा, अशी मागणी ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने मे 2022 मध्ये केली. नोव्हेंबर 2024 मध्ये फिफाने पाच कोटी डॉलरचा निधी जाहीर केला, तोही निर्वासित, आरोग्य आणि शिक्षण अशा आंतरराष्ट्रीय कार्यक्रमांसाठी. मृत मजुरांच्या कुटुंबांना त्यातून थेट काही नाही. त्यानंतर दोनच आठवड्यांत, 11 डिसेंबरला, 2034 चे यजमानपद एकमेव दावेदार सौदी अरेबियाला टाळ्यांच्या गजरात दिले गेले. तिथेही बहुतेक स्टेडियम अजून बांधायची आहेत.