ब्लॅक स्टार्ट

ब्लॅक स्टार्ट : ग्रिड (वीजकेंद्रे व वाहिन्यांचे जोडलेले जाळे) पूर्ण कोसळल्यावर बाहेरची वीज न घेता एखादे वीजकेंद्र सुरू करणे आणि त्याच्या आधाराने वाहिन्या, उपकेंद्रे व इतर केंद्रे क्रमाक्रमाने जिवंत करणे. कोळशावरील केंद्राला पंप, पंखे व कोळसा दळणाऱ्या गिरण्या चालवण्यासाठीच आधी बरीच वीज लागते. म्हणून सुरुवात बहुधा जलविद्युत वा गॅस केंद्राकडून होते. जलविद्युत केंद्रात दारे उघडणे व जनित्राचे उद्दीपन (त्यात चुंबकीय क्षेत्र निर्माण करणे) यांपुरता बॅटरी आणि लहान डिझेल संच पुरतो.

खरी कसोटी पुढे लागते. भार (वीज वापर) नसलेली लांब ४०० केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनी जिवंत केली की तिच्या धारितेमुळे (विद्युतभार साठवण्याच्या गुणामुळे) दूरच्या टोकाचा विद्युतदाब चढतो (फेरांटी परिणाम) आणि रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर) धोक्यात येतात. त्यामुळे रिअ‍ॅक्टर (चढलेला दाब खाली आणणारी तारेची गुंडाळी) जोडून, थोडा थोडा भार घेत सरकावे लागते. बराच वेळ बंद असलेल्या फीडरवर (ग्राहकांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीवर) फ्रीज, पंप, पंखे एकदम सुरू होतात आणि भार नेहमीपेक्षा जास्त येतो. घाई केल्यास वारंवारिता (प्रवाहाची दर सेकंदाची आवर्तने) घसरून संच ट्रिप होतात (आपोआप बंद पडतात) व उभे केलेले बेट, म्हणजे जिवंत झालेला जाळ्याचा सुटा भाग, पुन्हा कोसळते. दोन बेटे जोडताना दाब, वारंवारिता व कला (फेज, म्हणजे दोन्हींकडील आवर्तनांची लय) जुळल्याशिवाय ब्रेकर (जोडणारा स्विच) टाकत नाहीत.

भारतातील सर्वांत मोठा दाखला २०१२ चा. ३० जुलैला पहाटे उत्तर ग्रिड, तर ३१ जुलैला दुपारी १ च्या सुमारास उत्तर, पूर्व व ईशान्य या तिन्ही ग्रिड कोसळल्या. दुसऱ्या दिवशी सुमारे ४८,००० मेगावॅट भार तुटला. पश्चिम ग्रिड तगल्यामुळे उत्तरेला शेजारून वीज देता आली, त्यामुळे ही पुनःस्थापना निव्वळ ब्लॅक स्टार्ट नव्हती. कारणाविषयी मतभेद आहेत. राज्यांनी वाट्यापेक्षा जास्त वीज उचलली, हे तेव्हा गाजलेले स्पष्टीकरण. चौकशी समितीने ते नाकारले नाही. पण बंद असलेल्या वाहिन्या, पश्चिम व उत्तर ग्रिड जोडणाऱ्या बीना–ग्वाल्हेर वाहिनीवरील ताण आणि दोष नसतानाही ती तोडणारा रिले (दोष ओळखून वाहिनी तोडणारे उपकरण) यांवरही बोट ठेवले. पहिल्या घटनेपूर्वी वारंवारिता ४९.६८ हर्ट्झ, म्हणजे ५० च्या जवळच होती; एकूण तुटवडा हेच निकटचे कारण असते तर ती बरीच खाली दिसली असती. त्यामुळे समितीचे विवेचन अधिक पटते.

मुंबईत हा प्रसंगच येऊ नये म्हणून शहर मुख्य ग्रिडपासून अलग करून ट्रॉम्बे व डहाणूच्या केंद्रांवर चालवण्याची योजना आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ती टिकली नाही आणि मुंबईची वीज गेली. सायबर हल्ल्याचा संशय राज्य सरकारने मांडला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण दिले. लोकल दुपारी साडेबाराच्या सुमारास पुन्हा धावू लागल्या.