तीन सेंटिमीटरचा हिशेब: गाडी खाली बसवण्यापूर्वी

‘लोअरिंग स्प्रिंग टाकू की कॉइलओव्हर?’ गाडी थोडी खाली बसवायची हौस असलेला प्रत्येक जण कधी ना कधी हे विचारतो. उत्तरही ठरलेलं असतं: पैसे असतील तर कॉइलओव्हर, नसतील तर स्प्रिंग. म्हणजे एकाच कामाच्या या दोन वस्तू, एक स्वस्त आणि एक महाग. त्याच्या जोडीला आणखी एक समज असतो, की कॉइलओव्हरची रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते. हा दुसरा समज साफ चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे कळलं की पहिलाही डळमळू लागतो.

आधी ओळख. लोअरिंग स्प्रिंग म्हणजे मूळ स्प्रिंगच्या जागी बसणारी, थोडी आखूड आणि थोडी कडक स्प्रिंग. शॉकॲब्सॉर्बर कंपनीचाच राहतो. कॉइलओव्हर म्हणजे शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग यांची एकमेकांसाठी जुळवलेली जोडी. त्याच्या नळकांड्यावर बाहेरून आटे पाडलेले असतात आणि स्प्रिंगची खालची बैठक, म्हणजेच ती रिंग, पान्याने फिरवून वरखाली करता येते.

आता रिंग. रॉबर्ट हूकने 1678 साली मांडलेला नियम शाळेत सगळ्यांनी घोकलेला असतो: स्प्रिंग जितकी दाबाल तितक्या प्रमाणात ती उलट ढकलते. हे प्रमाण, म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा, तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास, वेढ्यांची संख्या आणि पोलादाचा स्वतःचा एक गुणांक यांवर ठरतं. रिंग फिरवल्याने यातलं काहीच बदलत नाही. गाडीचं वजन तेवढंच आहे, म्हणून स्प्रिंगही तेवढीच दबते. फक्त तिची बैठक वर गेल्यामुळे गाडी वर उचलली जाते. (वेढे असमान अंतरावर असलेली, दबता दबता कडक होत जाणारी स्प्रिंगही याला अपवाद नाही, कारण चाक जमिनीवर असताना तिच्यावरचं वजन तेच असतं.) ‘स्प्रिंग जुनी होऊन मऊ पडली’ हेही असंच. वर्षानुवर्षांच्या भाराने स्प्रिंग बसते, तिची उंची घटते, पण पोलादाचा गुणांक तोच असल्याने कडकपणा जवळपास तसाच राहतो. मऊ पडलेला असतो तो बहुधा शॉकॲब्सॉर्बर.

मग गाडी खाली आणल्याने बदलतं काय? बदलते ती शिल्लक राहिलेली दाबण्याची जागा. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे, म्हणून थोडं गणित करू.

एका चाकावर गाडीचं 300 किलो वजन आहे असं धरा. चाकाशी मोजलेला कडकपणा 17 न्यूटन प्रति मिलिमीटर, म्हणजे चाक एक मिलिमीटर वर ढकलायला 17 न्यूटन बल जास्त लागतं. अशी गाडी सेकंदाला साधारण 1.2 वेळा वरखाली डोलते. घरगुती वापराच्या गाड्यांचे आकडे याच आसपास असतात. गाडी स्थिर असताना चाकाला वर यायला 8 सेंटिमीटर जागा आहे. ती संपली की बंप स्टॉप नावाचा रबरी किंवा फोमचा ठोकळा आडवा येतो. खड्ड्यातून वर येणारं चाक स्प्रिंगमध्ये ऊर्जा भरतं. ती ऊर्जा म्हणजे कडकपणाचा निम्मा गुणिले अंतराचा वर्ग. आकडे घातले तर ठोकळ्याला टेकेपर्यंत सुमारे 54 जूल.

आता लोअरिंग स्प्रिंग बसवा: गाडी 3 सेंटिमीटर खाली आणणारी, 25 टक्के कडक. जागा उरली 5 सेंटिमीटर, कडकपणा झाला 21 च्या थोडा वर. तोच हिशेब पुन्हा करा, उत्तर येतं सुमारे 27 जूल. स्प्रिंग कडक होऊनही तिची पचवण्याची ताकद निम्म्यावर आली! कारण अंतराचा वर्ग होतो आणि कडकपणाचा होत नाही. उरलेले 27 जूल जातात ठोकळ्याकडे, आणि तुम्हाला ते पाठीत बसलेल्या दणक्याच्या रूपात कळतात. (शॉकॲब्सॉर्बरही यातली काही ऊर्जा खातो. ती इथे धरलेली नाही, पण तुलनेचा कल त्याने पालटत नाही.)

उरलेल्या 5 सेंटिमीटरमध्येच पूर्ण 54 जूल मावायला हवे असतील, तर स्प्रिंग मूळच्या 2.56 पट कडक हवी. मग डोलण्याची गती सेकंदाला 1.9 च्या पुढे जाते, म्हणजे रोजची गाडी शर्यतीच्या गाडीच्या वाटेला लागली. आणि इथे दुसरी अडचण उभी राहते. डोलणं थांबवायचं काम शॉकॲब्सॉर्बरचं. आतला दट्ट्या तेलातून बारीक छिद्रांमधून वाट काढतो आणि हालचालीची उष्णता करून टाकतो. त्याला किती विरोध करावा लागेल हे कडकपणाच्या वर्गमुळावर ठरतं. स्प्रिंग 25 टक्के कडक केली तर विरोध सुमारे 12 टक्के जास्त हवा. मूळचा धडधाकट शॉकॲब्सॉर्बर एवढी तूट निभावून नेतो. स्प्रिंग 2.56 पट केली तर विरोध 1.6 पट हवा. तिथे जुन्या शॉकॲब्सॉर्बरचं काम नाही. दबलेली स्प्रिंग उसळताना तो तिला आवरू शकत नाही आणि गाडी खड्ड्यानंतर डुलत राहते.

म्हणजे प्रश्न पैशांचा नसून किती खाली जायचं याचा आहे. 2-3 सेंटिमीटर आणि एकच उंची कायमची, तर चांगल्या लोअरिंग स्प्रिंग पुरतात, शॉकॲब्सॉर्बर ताजे असतील तर. त्याहून खाली जायचं, तर जुळवलेली जोडी हवी. आणि ‘कॉइलओव्हर’ म्हटलं की जोडी जुळलेलीच असते असं नाही. ‘32 टप्प्यांचं ॲडजस्टमेंट’ ही ओळ जाहिरातीत ठळक असते. पण बहुतेक संचांत विरोध कमीजास्त करणारी ती कळ तेलाच्या वाटेतली एक सुई सरकवते, आणि तिचा परिणाम मुख्यतः दट्ट्याच्या मंद हालचालींवर होतो. खड्ड्यातल्या झटक्याला उत्तर देतात त्या आतल्या पातळ चकत्या, आणि त्या बाहेरून दिसतही नाहीत.

कॉइलओव्हर घ्यायचेच तर उंची कशी बदलते ते पाहा. फक्त स्प्रिंगची बैठक सरकत असेल, तर खाली आणताना दट्ट्याची जागाही खर्च होते, म्हणजे वरचाच हिशेब पुन्हा आला. खालचा ब्रॅकेटही वेगळ्या आट्यांवर सरकत असेल, तर दट्ट्याची जागा शाबूत राहते. मात्र चाक वर येऊन मडगार्डला घासणार नाही ना, हे बघायची जबाबदारी तुमच्यावर येते. चिखल आणि मीठ लागून आटे धरतात, तेव्हा दरवर्षी रिंग धुऊन मोकळी करायची तयारी असलेल्यानेच या वाटेला जावं.

‘खाली केली की वळणावर चिकटते’ या दाव्याचंही वजन करू. वळताना आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणात असतो. ती उंची 55 सेंटिमीटर असेल आणि 3 ने घटली, तर फायदा साडेपाच टक्के. एवढाच. शिवाय पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकॲब्सॉर्बरच चाकाला वरून धरून ठेवतो ती रचना) असेल, तर खालच्या आर्मचा, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचा, कोन बदलून रोल सेंटर (वळताना गाडीचं अंग ज्या बिंदूभोवती कलतं तो) गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली घसरतं. अंगाला कलवणारी तरफ उलट लांबते. पकड हवी असेल तर पहिला खर्च टायरवर करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिली ग्राइंडरने वेढे कापायची युक्ती. सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला तर कडकपणा 20 टक्के वाढतो, इथवर ठीक. पण कापलेलं टोक बैठकीत सपाट बसत नाही, आणि चाक लोंबकळलं की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. तो विषय तिथेच सोडा.

तुमच्या गाडीत सध्या किती जागा वापरली जाते हे मोजता येतं. शॉकॲब्सॉर्बरवरचं धूळरोधक आवरण वर सरकवा, चकचकीत दांड्यावर प्लॅस्टिकचा एक झिप टाय सैलसर बांधा आणि खालपर्यंत ढकला. आठवडाभर नेहमीच्या रस्त्याने फिरा. टाय जिथवर सरकला तिथपासून बंप स्टॉपपर्यंतचं अंतर म्हणजे तुमची शिल्लक. मूळ उंचीलाच तो ठोकळ्याला टेकत असेल, तर खाली आणायला हाताशी काहीच नाही.

स्प्रिंग असो वा कॉइलओव्हर, बसवून झाल्यावर व्हील अलाइनमेंट करावंच लागतं, कारण उंचीबरोबर चाकांचे कोन बदलतात. आणि आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळू नयेत. चाकं लोंबकळत असताना आवळले, तर गाडी जमिनीवर येताच बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि लवकर फाटतात. आधी गाडी खाली उतरवा, वजन चाकांवर येऊ द्या, मग पाना लावा.