लिंबर्ग सिंफनी ऑर्केस्ट्रा

नेदर्लंड्सच्या आग्नेय टोकाच्या लिंबर्ग प्रांतातील भूतपूर्व व्यावसायिक वाद्यवृंद. स्थापना मास्ट्रिख्ट येथे १८८३ मध्ये, नगर वाद्यवृंद म्हणून. २०१३ मध्ये शेजारच्या ब्राबांट प्रांतातील वाद्यवृंदाशी विलीनीकरण होऊन ‘फिलहार्मोनी झाउडनेदरलांट’ अस्तित्वात आला.

हा देशातील सर्वांत जुना हयात व्यावसायिक वाद्यवृंद होता, असे पुष्कळदा म्हटले जाते. ॲम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊ वाद्यवृंदाची स्थापना १८८८ ची, म्हणजे त्याच्या तुलनेत दावा टिकतो. मात्र ग्रोनिंगनचा उत्तर नेदर्लंड्स वाद्यवृंद आपला उगम १८६२ पर्यंत मागे नेतो. तो स्वतः १९८९ मध्ये ग्रोनिंगन व फ्रिसलंड येथील दोन वाद्यवृंद एकत्र येऊन बनला. पूर्वसुरींचे वय नव्या संस्थेला लावायचे की नाही, यावर या वादाचा निकाल ठरतो. लावायचे नसेल तर मास्ट्रिख्टचा दावा २०१३ पर्यंत ग्राह्य धरावा लागेल, आणि हे मत अधिक सयुक्तिक वाटते. पण मग त्याच न्यायाने आजच्या संयुक्त वाद्यवृंदाला १८८३ हे साल मिरवता येणार नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेन्री हेर्मान्स यांनी वाद्यवृंदाचे संचालन (कंडक्टिंग) केले. १९४९ ते १९८० या दीर्घ काळात आंद्रे र्यू (थोरले) प्रमुख संचालक होते. नगराऐवजी प्रांताचे नाव लागले ते याच कारकिर्दीत, १९५० च्या दशकात. वॉल्ट्झ वादनामुळे जगभर लोकप्रिय झालेले त्यांचे पुत्र, धाकटे आंद्रे र्यू, याच वाद्यवृंदात काही काळ व्हायोलिन वाजवीत. ब्राबांट वाद्यवृंद बराच नंतरचा, १९४९-५० च्या सुमाराचा. हाइन योर्दान्स हे त्याचे पहिले संचालक.

प्रादेशिक वाद्यवृंदाची खरी अडचण तंतुवाद्यांच्या संख्येत असते. एकोणिसाव्या शतकातील रोमँटिक शैलीच्या मोठ्या रचनांसाठी पहिली व्हायोलिन १६, दुसरी १४, व्हिओला १२, चेलो १० व डबल बास ८, असे ६० वादक आदर्श मानतात. १२-१०-८-६-४ अशा ४० जणांच्या ताफ्यावर ऑस्ट्रियन संगीतकार ब्रुकनरची सातवी सिंफनी घेतली, तर ४ हॉर्न, ४ वाग्नर ट्यूबा, ३ ट्रंपेट, ३ ट्रोंबोन व १ बास ट्यूबा ही पितळी फुंकवाद्ये मिळून चेलो-बासचा आवाज गिळून टाकतात. पितळी वाद्ये हळू वाजवायला लावून हे साधत नाही, कारण तिथे स्वराचा पोतच बदलतो. बाहेरून वादक बोलवावे लागतात आणि खर्च वाढतो. फिरत्या कार्यक्रमांत आणखी एक भर पडते. नाट्यगृहात पडद्यांच्या वरची उंच पोकळी आवाज शोषते, म्हणून वादकांमागे व डोक्यावर परावर्तक फळ्या उभारतात. शिवाय रिकाम्या सभागृहातल्या तालमीत स्वर जास्त घुमतो. त्या अंदाजाने जमवलेला तोल प्रेक्षक भरले की कोरडा पडतो.

२०१३-१६ या अनुदानकाळासाठी सांस्कृतिक खात्याचे राज्यसचिव हाल्बे झैल्स्ट्रा यांनी सुमारे २० कोटी युरोंची कपात लागू केली. दक्षिणेत एकच वाद्यवृंद उरला तो त्यातून. विलीनीकरणात तंतुवाद्यांचे ताफे एकमेकांत मिसळता येतात. पहिल्या ओबोची (लाकडी फुंकवाद्य) किंवा टिंपनीची (नगाऱ्यांचा संच) जागा मात्र एकच, तिथे दोन दावेदार उभे राहतात. संयुक्त वाद्यवृंद आइंडहोवन व मास्ट्रिख्ट अशा दोन्ही शहरांत आहे; २०२१ मध्ये डंकन वॉर्ड प्रमुख संचालक झाले.