प्रात्यक्षिकाची लॅब आणि संशोधनाची लॅब: नकाशावर एकच शब्द

विज्ञान संकुलाचा आराखडा टेबलावर पसरला की दोन चौकोनांवर एकच शब्द दिसतो, ‘प्रयोगशाळा’. ओटे, बेसिन, गॅसचे नळ दोन्हीकडे. मग बैठकीत सहज ठरतं की एकच इमारत बांधू, खाली बी.एस्सी.ची प्रात्यक्षिकं आणि वर संशोधन. सांगलीत तरी हे करू नये, असं माझं ठाम मत आहे.

प्रात्यक्षिकाची लॅब वेळापत्रकावर चालते. वीसेक मुलांची बॅच येते, ब्युरेट भरते, रीडिंग घेते, जर्नलवर सही घेते आणि दोन-तीन तासांत खोली रिकामी होते. शिक्षकांना एका जागेवरून सगळे ओटे दिसावेत आणि काही पेटलंच तर बाहेर पडायला दोन दारं असावीत, एवढं इथे आधी बघायचं. बॅच बदलताना गर्दी उसळते, म्हणून ही इमारत फाटकाजवळ आणि रुंद व्हरांड्याची हवी.

संशोधनाची लॅब मात्र रात्रीही जागी असते. उणे ८० अंशांचा फ्रीझर बंद पडला तर कुणाची कित्येक वर्षांची मेहनत वितळून जाते. फ्यूमहूड, म्हणजे रसायनांच्या वाफा बाहेर खेचणारं कपाट, आपल्या तोंडातून सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगाने हवा ओढतो. ती हवा पुन्हा खोलीत सोडायची नसते, त्यामुळे तेवढीच ताजी हवा सतत बाहेरून आणावी लागते. तिच्या डक्टसाठी, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या मोठ्या नळ्यांसाठी, मजल्याची उंची वर्गखोलीपेक्षा बरीच जास्त लागते. ती आधी धरली नाही तर पुढे काय होतं, ते मी एका इमारतीत पाहिलंय: डक्ट खिडक्या फोडून बाहेर काढलेले आणि आत दुपारीही दिवे लावलेले. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत वास्तुकार लुई कान यांनी १९६०च्या दशकात दर लॅबच्या वर माणूस उभा राहील असा एक पूर्ण मजला फक्त पाइप आणि डक्टसाठी ठेवला. दुरुस्ती वर चालते, खालचा प्रयोग थांबत नाही. आपल्याला एवढा खर्च झेपणार नाही, पण विचार तोच हवा.

सांगलीत खरा पेच पुढे आहे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला जराही थरथर चालत नाही, म्हणून तो जमिनीलगतच्या मजल्यावर ठेवतात. पण इथे जमिनीलगत कृष्णा येते. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा तळघराचा विचारही नको. संशोधनाची इमारत आवारातल्या सर्वांत उंच भागावर, जोतं पूररेषेच्या वर घेऊन बांधावी. शिवाय ती रस्त्यापासून आत हवी, कारण गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रभर धावतात आणि त्यांची थरथर जमिनीतून येते. मधलं अंतर म्हणजेच मैदान आणि बाग. खेळाचं मैदान सखल भागात ठेवलं तर पावसाचं पाणी काही काळ तिथे थांबतं, इमारतींकडे येत नाही.

झाडांचंही तसंच. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीला खेटून मोठं झाड असेल तर मुळं तेवढ्याच भागातलं पाणी ओढतात, माती आकसते आणि पाया एका बाजूला बसतो. भेग दोन्ही इमारतींना वाईटच. पण प्रात्यक्षिकाच्या खोलीत ती बुजवून तास घेता येतो, संशोधनाच्या लॅबमध्ये उपकरणाची लेव्हलच बिघडते. म्हणून वड, चिंच अशी झाडं तिथल्या भिंतीपासून निदान त्यांच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतकी लांब लावावीत, भिंतीलगत गवत किंवा छोटी झुडपं पुरेत. दाट सावलीची रांग हवी ती फाटकापासून प्रात्यक्षिकाच्या इमारतीकडे जाणाऱ्या वाटेवर. एप्रिलमध्ये दुपारची बॅच त्याच वाटेने येते.