फोन 'रूट' झालाय का, हे फोनलाच विचारून भागत नाही

मावसभावाने जुना अँड्रॉइड फोन घेतला. बँकेचं ॲप उघडेना. 'फोन रूट केलेला आहे', म्हणजे कुणीतरी त्याच्या सिस्टीमवर पूर्ण ताबा मिळवलाय, म्हणून बंद पडायचं. दुकानदार म्हणाला, फॅक्टरी रीसेट मारा. मारला, फरक शून्य. रीसेटने आपला डेटा पुसला जातो. रूटचा फेरफार असतो सिस्टीमच्या किंवा बूटच्या, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या, भागात, आणि तिकडे रीसेट फिरकतही नाही.

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. तिथे प्रत्येक ॲप म्हणजे एक वेगळा वापरकर्ता, त्याला आपापला क्रमांक असतो. 0 क्रमांकाचा वापरकर्ता म्हणजे 'रूट'. त्याला कुठलंच दार बंद नसतं. 'रूट चेकर' ॲप्स मुख्यतः 'एसयू' नावाची, रूटचे अधिकार मिळवून देणारी फाइल शोधतात. पण 2016 साली आलेलं मॅजिस्क हे रूट करायचं साधन सिस्टीमला धक्का न लावता बूट इमेज, म्हणजे बूटच्या भागातला मजकूर, बदलतं आणि हव्या त्या ॲपपासून लपूनही राहू शकतं. म्हणजे ज्याच्यावर संशय, त्याचीच साक्ष! असल्या ॲपच्या हिरव्या टिकमार्कवर विसंबू नका.

मला भारी आवडते ती व्हेरिफाइड बूटमधली, म्हणजे सिस्टीममध्ये फेरफार झालाय का हे तपासणाऱ्या सोयीतली, हॅशच्या (ठशांच्या) झाडाची युक्ती. सिस्टीमचे 4 केबीचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यातून एसएचए-256 हे गणित 32 बाइटचा ठसा काढतं. एक बिट बदलला तरी ठसा पार वेगळा. असे 128 ठसे मिळून पुन्हा 4 केबी होतात. मग त्यांचाही ठसा काढायचा. पहिल्या पायरीचा एक तुकडा 512 केबी राखतो, दुसरीचा 64 एमबी, तिसरीचा थेट 8 जीबी. शेंड्याला उरलेल्या एकाच ठशावर कंपनीची डिजिटल सही असते. फोन चालू होताना बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, ती तपासतो, आणि खुद्द बूटलोडरला तपासतो चिपमध्ये कायमचा कोरलेला कोड. पुढे कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, प्रत्येक तुकडा वाचतावाचता पडताळतो.

मॅजिस्क घालायला सहसा आधी बूटलोडरचं कुलूप उघडावं लागतं. उघडलं की बूटची स्थिती हिरव्याची नारिंगी होते, आणि चिपमधला सुरक्षित भाग तसं सही केलेलं प्रमाणपत्र देतो. ते बँकेच्या सर्व्हरवर तपासता येतं, तिथे फोनमधल्या लपवाछपवीला फारसा वाव उरत नाही.

फोन तापतो, बॅटरी लवकर उतरते म्हणजे तो रूट झाला, ही निव्वळ अफवा. त्यापेक्षा फोन बंद करून चालू करा आणि पहिले काही सेकंद पडद्यावरून नजर हलवू नका. भावाच्या फोनवर कंपनीच्या लोगोच्याही आधी बारीक अक्षरांत सूचना आली: बूटलोडर अनलॉक आहे. एवढ्यावरून रूट सिद्ध होत नाही, पण त्याची वाट कुठून उघडली ते कळलं.