पहिल्या वर्गाआधी घरी सिम्युलेटरवर हात बसवू नका

हेलिकॉप्टर शिकायला परदेशी निघालेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

आमच्या सिम्युलेटरवरच्या (उड्डाणाची नक्कल करणाऱ्या यंत्रावरच्या) पूर्वतयारी वर्गांना प्रवेश घ्यायला आलेल्या आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शिकताना अपघात होतात का हो? होतात. आम्ही ते लपवत नाही. आमची बरीच मुले पुढे अमेरिकेत रॉबिन्सन आर-22 या हेलिकॉप्टरवर शिकतात. दोन आसनांचे, हलके, हाताला फार तिखट यंत्र. त्याच्या निर्मात्यांनीच 'सेफ्टी नोटिस 20' काढून सांगितले आहे की प्रात्यक्षिकाच्या आणि अगदी सुरुवातीच्या शिकवणीच्या उड्डाणांत अपघात प्रमाणाबाहेर होतात. विद्यार्थी गोंधळला आणि त्याने उलट्या दिशेला एकदम मोठा हिसका दिला, तर मुरलेल्या प्रशिक्षकालाही यंत्र सावरता येईलच असे नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे.

'उलट्या दिशेला' हे शब्द आम्ही वर्गात रोज म्हणतो, कारण तीच सवय घेऊन मुले आमच्याकडे येतात. घरच्या कॉम्प्युटरवर खेळताना डाव्या हाताशी विमानाचा थ्रॉटल असतो: पुढे ढकलला की ताकद वाढते, मागे ओढला की कमी होते. हेलिकॉप्टरचा कलेक्टिव्ह, म्हणजे डाव्या हाताचा चढ-उताराचा दांडा, नेमका उलटा. वर ओढला की यंत्र चढते, खाली केला की उतरते. सहा महिने खेळून आलेल्या मुलाला उतरायचे असले की हात आपोआप ओढायला जातो.

याचा परिणाम कुठे होतो ते पाहा. जमिनीवरून उचलताना एक स्किड (हेलिकॉप्टर ज्या दोन आडव्या दांड्यांवर टेकते त्यातला एक) चिखलात किंवा गवतात अडकते. यंत्र त्या स्किडभोवती कलू लागते. एका मर्यादेपलीकडे सायक्लिक (यंत्र पुढे-मागे, बाजूला कलवणारा उजव्या हाताचा दांडा) कितीही विरुद्ध बाजूला धरा, उपयोग होत नाही. कलेक्टिव्ह लगेच, पण न आपटता, खाली करणे हाच उपाय. तिथे हात वर गेला की यंत्र आडवे होते. रोटरचे, म्हणजे डोक्यावरच्या फिरत्या पात्यांचे, आरपीएम (मिनिटाचे फेरे) घटतात तेव्हाही तेच. आर-22 मध्ये 97 टक्क्यांवर भोंगा वाजतो. कलेक्टिव्ह खाली, त्याच्याच मुठीतल्या थ्रॉटलला पीळ, दोन्ही एकदम. घाबरून वर ओढलात तर पात्यांचा कोन वाढतो, विरोध वाढतो आणि फेरे आणखी उतरतात. या यंत्राचा रोटर हलका आहे, त्यामुळे विचार करायला वेळ नसतो.

म्हणूनच आमचे पहिले तीन वर्ग फक्त डाव्या हाताचे. 'पैसे भरले आणि नुसता दांडा उचलायला लावता' अशी तक्रार होते. होऊ दे. गेल्या पावसाळ्यात एक हुशार मुलगा आला, घरी हॉवर (हवेत एका जागी थांबणे) जमतो म्हणाला. भोंगा वाजवला तर सलग अकरा वेळा हात वर. बाराव्या वेळी खाली गेला, तेव्हा त्याच्या तळहाताला घाम फुटला होता. कोऱ्या हाताने आलेल्या मुलीला तेच दुसऱ्या वर्गात जमले. जुनी सवय मोडण्यात गेलेले वर्ग आम्ही फुकट देऊ शकत नाही, ते तुमच्याच पैशाने जातात.

आमच्याकडचे तास लॉगबुकात (वैमानिकाच्या उड्डाण-तासांच्या नोंदवहीत) धरले जात नाहीत, हे आधीच सांगतो. पण आमचा कलेक्टिव्ह खऱ्याइतक्याच लांबीचा आहे, मुठीत पिळायचा थ्रॉटल आहे, आणि हात चुकला तर इथे कुणाला इजा होत नाही. अमेरिकेत प्रत्येक तासाचे भाडे डॉलरमध्ये मोजावे लागते.

'पंधरा तासांत सोलो (एकट्याने पहिले उड्डाण) करून द्याल का?' असेही विचारतात. सोलो आम्ही देत नाही, तो तिथला प्रशिक्षक देतो. आणि आर-22 च्या अपघातांमुळेच अमेरिकेच्या एफएए या हवाई वाहतूक नियामक संस्थेने 1995 मध्ये खास नियम आणला, की नवख्याने या यंत्रात किमान 20 तास प्रशिक्षकाबरोबर काढल्याशिवाय एकट्याने उडायचे नाही. कुणी कमी तासांचे आमिष दाखवत असेल तर आधी त्याला हा नियम विचारा.

खेळायचेच असेल तर सायक्लिक आणि पॅडल खेळा, डावा हात मांडीवर ठेवा. पहिल्या दिवशी पातळ तळव्याचे बूट घालून या. जाड तळव्यातून पॅडल कळत नाही.